तंतुकणिका बिघडल्या, पण बिघडवल्या कोणी?

पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी एक तरी पेपर पेन्सिल हातात घेऊन, ओळ न् ओळ वाचलेला असावा. माझी शिफारस जरा आडवाटेची आहे. घोड्यांच्या स्नायूंच्या आजारावरचा हा पेपर 2013 साली ‘इक्वाइन व्हेटरिनरी जर्नल’मध्ये आला. लेखक मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टेफनी व्हॅलबर्ग आणि त्यांचे सहकारी. यात एक लंगडा पुरावा आणि एक भक्कम पुरावा शेजारी शेजारी बसलेत. कोणता कुठला, ते ओळखता आलं की पेपर वाचता आला म्हणायचं.

आधी आजार समजून घेऊ. कुरणात चरणारा धडधाकट घोडा अचानक ताठरतो, थरथरतो, आडवा पडतो. लघवी गडद तपकिरी होते, कारण फुटलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन तिच्यातून बाहेर पडत असतं. बरेचसे घोडे दोन-तीन दिवसांत दगावतात. युरोपात याला ‘अटिपिकल मायोपथी’ म्हणतात. रेसकोर्सवर माहीत असलेला ‘टाइंग-अप’ मेहनतीनंतर येतो. हा मात्र नुसतं चरताना येतो, म्हणून ‘अटिपिकल’.

2007 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी अशा घोड्यांचे स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तंतुकणिका, म्हणजे कॉलेजात आपण ज्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतो त्या, बिघडलेल्या दिसल्या. तेही सतत प्राणवायू वापरून काम करणाऱ्या, उभं राहायला आणि श्वासाला लागणाऱ्या स्नायूंमध्ये. 2008 मध्ये पुढची पायरी आली: तंतुकणिकांमध्ये चरबी जाळणारी एन्झाइम्स, अ‍ॅसिल-कोए डिहायड्रोजिनेज, एकदम अनेक ठिकाणी बंद पडलेली होती.

इथे थांबा. घाव कुठे बसला ते कळलं, पण घातला कोणी? सूक्ष्मदर्शकातलं चित्र याचं उत्तर देत नाही. जळालेलं घर बघून आग कुठे लागली ते सांगता येतं, काडी कोणी ओढली ते नाही. म्हणूनच 2010 मध्येसुद्धा क्लॉस्ट्रिडियम जिवाणूच्या विषावर संशय घेणारा पेपर छापून येऊ शकला. ‘तंतुकणिका बिघडल्या’ हे निदान नव्हे, निदानाची सुरुवात आहे. प्रबंधांत ही गल्लत सर्रास दिसते.

आता 2013 चा पेपर. आजार झालेली 11 फार्म आणि तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, 23 फार्म. बॉक्स एल्डर नावाचं मेपलच्या जातीचं झाड आजारी फार्मवर सगळीकडे होतं. कंट्रोल फार्मवर? 61 टक्क्यांवर, म्हणजे 23 पैकी 14 ठिकाणी. या आकड्यांवर फिशरची चाचणी लावली तर माझ्या हिशेबाने पी-व्हॅल्यू सुमारे 0.02 येते. ‘सिग्निफिकंट’ आहे की! पण त्याच झाडाखाली 14 फार्मवरचे घोडे ठणठणीत होते, हे ती पी-व्हॅल्यू झाकून टाकते. हा झाला लंगडा पुरावा.

भक्कम पुरावा रसायनात आहे. त्या झाडाच्या बियांमध्ये हायपोग्लायसिन ए सापडलं. शरीरात गेल्यावर त्याचं एमसीपीए होतं आणि ते नेमकी तीच एन्झाइम्स अडवतं, जी 2008 मध्ये बंद दिसली होती. आणि आजारी घोड्यांच्या रक्तात, लघवीत एमसीपीएचा माग लागला. बी, विष, घाव अशी साखळी जुळली. 2014 मध्ये युरोपातल्या गटाने 17 आजारी घोड्यांच्या रक्तात तेच दाखवलं. झाड वेगळं, सिकॅमोर मेपल. विष मात्र तेच.

तरी दोन आक्षेप उरतात. पुढच्या अभ्यासांत त्याच कुरणातल्या निरोगी घोड्यांच्या रक्तातही हे विष आढळलं. मग एक पडतो आणि दुसरा उभा राहतो, ते का? 2013 च्या पेपरची रचना या प्रश्नाला पुरी पडत नाही. दुसरा आक्षेप पूर्ण शाखेवर आहे. जमैकातल्या अ‍ॅकी फळात हायपोग्लायसिन 1950 च्या दशकातच सापडलं होतं. माणसांच्या वैद्यकातलं वाचन घोड्यांच्या वैद्यकात पोचायला इतकी वर्षं लागावीत, हे बरं नाही.

पहिल्या आक्षेपाचा धागा आपल्याच देशात आहे. 2014 च्या उन्हाळ्यात मुझफ्फरपूरमध्ये मेंदूच्या आजाराने दाखल झालेल्या 390 रुग्णांपैकी 122 दगावले. बहुतेक सगळी लहान मुलं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासात तपासलेल्या 73 रुग्णांपैकी 48 जणांच्या लघवीत लिचीतल्या हायपोग्लायसिन ए किंवा त्याच्या जवळच्या एमसीपीजीचे अवशेष सापडले, 15 कंट्रोलपैकी एकातही नाही. आणि रात्रीचं जेवण चुकलेल्या मुलांना धोका जास्त होता. उपाशी शरीर चरबीवर चालतं, आणि विष नेमका तोच रस्ता अडवतं. अमेरिकेतले आजारी घोडेही बहुधा गवत संपत आलेल्या कुरणांत चरत होते. विष आणि रिकामं पोट, दोन्ही मोजायला हवेत.

उलव्यात बसून हे कशाला? पनवेलच्या मागे माथेरान आहे. तिथे मोटारींना बंदी, आणि घोडा आडवा पडला की घोडेवाल्याच्या घरची चूल अडते. उद्या तिथला एखादा घोडा ताठरला आणि कोणी म्हणालं, ‘रिठा, कोशिंब हीसुद्धा लिची-मेपलच्याच कुळातली झाडं, म्हणजे तेच विष’, तर काय म्हणाल? कुळ एक म्हणून विष एक, असं होत नाही. आधी बी तपासा, मग आजारी घोड्याचं रक्त आणि लघवी, आणि शेजारच्या निरोगी घोड्याचंही. त्याने आदल्या दिवशी काय खाल्लं आणि किती ओझं वाहिलं, तेही लिहून ठेवा. मुलाखतीत ‘तुमचा कंट्रोल कोण?’ असं विचारलं, तर तो शेजारचा घोडा आठवा.