नाट्यपदातील उच्चारवैचित्र्य आणि आपले कान

मराठी संगीत नाटकाच्या समीक्षेत राग, चाली, अभिनय आणि गायकी यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. पद गाताना शब्दाचे नेमके काय होते, हा प्रश्न मात्र बहुधा 'उच्चार स्पष्ट होते' किंवा 'उच्चार सदोष होते' अशा एका वाक्यात निकाली काढला जातो. प्रस्तुत लेखात या एका वाक्याचाच विचार करावयाचा आहे. त्यास निमित्त घडले ते नवी मुंबईतील एका आंतरमहाविद्यालयीन नाट्यगीत स्पर्धेचे.

या स्पर्धेत एका विद्यार्थ्याने जुन्या ध्वनिमुद्रिकेबरहुकूम पद गायिले. शब्द मध्येच तोडणे, अर्ध्या शब्दावर श्वास घेणे, ऱ्हस्व स्वर लांबविणे हे सर्व त्याने मुळाप्रमाणे उचलले होते. त्यानंतर आगरी कुटुंबातील एक विद्यार्थिनी गायिली. तिचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळत होते. परंतु 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' दोन-तीन ठिकाणी आला. उच्चाराच्या रकान्यात पहिल्यास जवळजवळ पूर्ण गुण मिळाले, दुसरीचे निम्मे कापले गेले. त्या गुणपत्रिकेवर सही करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा पदे सूत्रधार गात असे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि गाणे सूत्रधाराच्या गळ्यातून पात्राच्या तोंडी गेले. उच्चार हा नाट्याचा प्रश्न झाला तो या क्षणी. सूत्रधार कसाही गायिला तरी शकुंतलेचे काही बिघडत नव्हते. आता मात्र पदातील प्रत्येक शब्द शकुंतलेचाच ठरणार होता.

तरीही पदातील शब्द बोलण्यातल्यासारखा राहिला नाही. त्यामागे प्रथम छंदाचे कारण आहे. आपण बोलताना 'मन' हा शब्द 'मन्' असा उच्चारतो. वृत्तात मात्र अंत्य अकार पूर्ण उच्चारावा लागतो. साकी, दिंडी, कामदा यांतून आलेल्या गायकाच्या जिभेला ही सवय कीर्तनापासूनची होती. तिला वैचित्र्य म्हणावयाचे असेल तर संपूर्ण मराठी पद्यपरंपरेलाच तसे म्हणावे लागेल.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. संगीत नाटकांच्या छापील संहितांत पदावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा निर्देश आढळतो. चाल आधी आणि शब्द नंतर, असा हा व्यवहार होता. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे किर्लोस्कर कानडी चालींकडे वळले; श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' (1896) पासून पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या; 'एकच प्याला' (1919) मधील पदे गडकऱ्यांच्या पश्चात वि. सी. गुर्जर यांनी लिहिली, तीही तयार चालींवर. परभाषेतील शब्दांच्या मापाने शिवलेला अंगरखा मराठी शब्दाला चढविल्यावर तो कोठेतरी उसवणारच. उदाहरणादाखल 'सुकुमार' हा शब्द घ्यावा. चालीचा खंड 'सुकु'वर संपला आणि सम 'मार'वर आली, तर नायिकेच्या सौकुमार्याचे काय होते ते श्रोत्याने अनुभवलेलेच आहे. 'सुत' लांबविला की 'सूत' होतो. पौराणिक नाटकात पुत्र आणि सारथी यांची अशी गल्लत परवडणारी नसते. येथे दोष गायकाच्या पदरी घालणे अन्यायाचे आहे, तो पद्यकाराचा आणि चाल निवडणाऱ्याचा आहे. 'शारदा' (1899) मधील देवलांची पदे याच रंगभूमीवर गायिली गेली आणि तेथे ही कुचंबणा कितीतरी कमी जाणवते, कारण देवलांचा शब्द बोलीच्या अंगाने चालतो. याउलट खाडिलकरांचे भारदस्त गद्य सहज कळते आणि त्यांचे पद पुस्तक उघडून वाचावे लागते, असा माझा अनुभव आहे.

तिसरे कारण शरीराचे. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात आवाज दूर पोहोचतो तो स्वरांच्या बळावर, व्यंजने वाटेतच विरतात. पट्टी उंच झाली की 'इ' आणि 'उ' यांना त्यांचा रंग टिकविणे अवघड होते व ते 'आ'कडे झुकू लागतात. पाश्चात्त्य ऑपेरातील उंच आवाजाच्या गायिकांचे शब्दही याच कारणाने दुर्बोध होतात. भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये निवर्तले, त्यांचा आवाज मुद्रित झालाच नाही. पुढच्या पिढीचे जे मुद्रण झाले, त्यातील आरंभीचे भोंग्यातून झालेले होते. 1925 नंतर विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागेपर्यंत 'स', 'श' यांसारख्या वर्णांतील उच्च कंपने तबकडीवर नीट उमटतच नसत. तेव्हा जुन्या तबकडीवर जो पुसट 'श' ऐकू येतो, तो गायकाचा की भोंग्याचा? आमच्या स्पर्धकाने तोही निष्ठेने गळ्यात उतरविला होता! आज वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात गायकाच्या पुढ्यात ध्वनिक्षेपक असतो. ज्या अडचणीतून ती लकब जन्मली ती अडचण संपली, लकब मात्र 'गायकी' म्हणून पूजिली जाते.

आता मातृभाषेचा प्रश्न. मराठी नाट्यसंगीत केवळ पुण्या-मुंबईच्या गळ्यांनी घडविलेले नाही. सवाई गंधर्व कुंदगोळचे, म्हणजे कानडी मुलखातले. दीनानाथ मंगेशकर गोव्यातील मंगेशीचे. कैरान्याच्या अब्दुल करीम खाँ यांनी 'मानापमान'मधील पदे गाऊन ध्वनिमुद्रित केली. हिंदी वळणाच्या जिभेला 'चाक'मधील दंततालव्य 'च' आणि 'चार'मधील तालव्य 'च' यांतील भेद परका असतो. अशा उच्चारांना आपण दोष मानीत नाही, त्यांत गोडवा शोधतो. 'कट्यार काळजात घुसली' (1967) मधील खाँसाहेबांच्या तोंडी असे वळण तर शोभतेच, कारण तेथे ते पात्राचे आहे.

याहूनही लक्षणीय बाब अशी की ख्यालाच्या ब्रज बंदिशींत 'चरण'चे 'चरन', 'गुणी'चे 'गुनी' होते आणि आपण माना डोलावतो. तोच 'न' उरण-पनवेलच्या मुलीच्या तोंडून आला की तो अशुद्ध! ध्वनी एकच, जीभही त्याच जागी टेकते. फरक पडतो तो गाणारा कोणत्या घरातून आला यामुळे. 1975 मध्ये पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणले. त्यातील मंजुळेच्या उच्चारांना प्रेक्षक आजही मनमुराद हसतात. आपण नेमके कशाला हसलो, हे त्यातील थोड्यांनाच घरी गेल्यावर आठवत असेल.

नाट्यपदात प्रमाण उच्चार नकोत, असा याचा अर्थ नाही. रुक्मिणीच्या तोंडी 'ण' हवाच, आणि तो शिकविता येतो. त्या विद्यार्थिनीला तो दोन आठवड्यांत साधला. तुटलेला शब्द जोडणे याहून कितीतरी कठीण आहे, कारण त्यासाठी आधी पदाचा अन्वय लावावा लागतो. आमच्या त्या स्पर्धकाला स्पर्धेनंतर मी त्याच्या पदाचा अर्थ विचारला होता. त्याने रागाचे नाव सांगितले.

गुणपत्रिकेतील 'शब्दोच्चार' या रकान्याऐवजी 'अर्थबोध' असा रकाना असावा आणि पदाचा अन्वय स्पर्धकाने आधी सांगावा, अशी लेखी सूचना मी आयोजकांकडे केली आहे. ती विचाराधीन असल्याचे कळते.