शिक्षेचे माप : अमली पदार्थविषयक कायद्यातील किमान शिक्षेची चिकित्सा

प्रस्तावना

दंडविधीत शिक्षेचे प्रमाण सामान्यतः कृत्याचे गांभीर्य आणि कर्त्याची भूमिका यांवरून ठरते. 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' (एनडीपीएस कायदा) मात्र जप्त मालाच्या वजनाला निर्णायक स्थान देतो. खानदेशाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः शिरपूर तालुक्यात, पिकांच्या आड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी वेळोवेळी उपटली आहेत. चाळीसगाव हे रेल्वे जंक्शन असून धुळे-सोलापूर महामार्गही याच गावावरून कन्नड घाटाकडे जातो. शेतात वा रस्त्यावर हाती लागतो तो बहुधा राखणदार, मजूर किंवा वाहनचालक. मालाचा खरा धनी क्वचितच.

वजनाची सीमारेषा

मूळ कायद्यात अनेक गुन्ह्यांना सरसकट १० वर्षांची किमान शिक्षा होती. २००१ च्या सुधारणेने अल्प, मध्यम आणि व्यापारी अशी प्रतवारी आणली. हे निश्चितच पुढचे पाऊल होते. गांजासाठी अल्प प्रमाण १ किलोपर्यंत, तर व्यापारी प्रमाण २० किलोहून अधिक आहे. मध्यम प्रमाणास १० वर्षांपर्यंत शिक्षा असून किमान मर्यादा नाही. २० किलोची रेषा ओलांडताच १० ते २० वर्षे सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड अटळ ठरतो. शिवाय कलम ३७ लागू होऊन जामिनासाठी आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण असल्याची न्यायालयाची खात्री पटावी लागते.

व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. लागवडीचा गुन्हा वेगळा असून त्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किमान शिक्षा नाही. तरीही उपटलेली झाडे मुळे, खोड व पानांसह तोलून तेच वजन 'गांजा' म्हणून नोंदवले गेले, तर काट्यावरची नोंदच आरोपीचे दशक ठरवते.

एकतर्फी विवेक

शिक्षा ठरवताना विचारात घ्यावयाचे घटक कलम ३२-ब मध्ये दिले आहेत : हिंसा वा शस्त्राचा वापर, सार्वजनिक पदाचा गैरफायदा, अल्पवयीनांचा वापर, संघटित टोळीतील सहभाग इत्यादी. हे सर्व घटक किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देण्यासाठी आहेत. गौण भूमिका, दारिद्र्य किंवा पहिलाच गुन्हा यांमुळे किमान शिक्षेखाली येण्याची वाट कायद्यात नाही. न्यायाधीशाचा विवेक येथे एकाच दिशेने चालतो.

या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय महत्त्वाचा आहे. कलम ३१-अ मधील अनिवार्य मृत्युदंड घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने तो ऐच्छिक मानला. २०१४ च्या दुरुस्तीने संसदेनेही तेच स्वीकारले. व्यक्तिगत परिस्थितीचा विचार नाकारणारी शिक्षा न्याय्य नाही, हे त्यामागील सूत्र. मृत्युदंडाची गोष्ट निराळी, हे मान्य केले तरी दहा वर्षांच्या कारावासाला ते सूत्र मुळीच लागू नाही, असे म्हणणे कठीण आहे.

तुलनात्मक दृष्टी

अमेरिकेच्या संघीय कायद्यातही १९८६ पासून वजनावर आधारित किमान शिक्षा आहेत. तेथे गांजासाठी १०० किलोला ५ वर्षे आणि १००० किलोला १० वर्षे किमान शिक्षा आहे. तथापि १९९४ मध्ये तेथे अपवादाची तरतूद झाली. हिंसा न करणाऱ्या, टोळीचे नेतृत्व न केलेल्या आणि सत्य माहिती देणाऱ्या पात्र आरोपीस किमान मर्यादेखाली शिक्षा देता येते. २०१८ मध्ये तिची कक्षा वाढवण्यात आली.

निष्कर्ष

किमान शिक्षेमुळे जरब बसते आणि न्यायालयागणिक शिक्षा बदलत नाही, हा समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. परंतु २१ किलो वाहणारा चालक आणि तो माल पाठवणारा व्यापारी यांना एकच किमान शिक्षा देणे ही समानता नव्हे. कलम ३२-ब मध्ये शिक्षा सौम्य करणाऱ्या घटकांचा समावेश करणे आणि झाडांचे शेंडे वेगळे करून तोलण्याची सक्ती करणे, या दोन दुरुस्त्यांनी कायद्याची जरब कमी होणार नाही. ती योग्य व्यक्तीवर पडेल.