फार्बस गुजराती सभा : संकलन, कृतज्ञता आणि चिकित्सा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वाङ्मयीन जीवनाचा विचार मराठीत बहुधा मराठी संस्थांपुरताच केला जातो. वस्तुतः मराठी आणि गुजराती या दोन भाषांतील प्रबोधनाचा आरंभ या शहरात एकाच छत्राखाली झाला. 1848 मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या परिसरात जी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली, तिच्या मराठी व गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा होत्या. पुढे हे प्रवाह वेगळे झाले. 1865 मध्ये मुंबईतच उभी राहिलेली फार्बस गुजराती सभा ही त्यांपैकी गुजराती प्रवाहाची महत्त्वाची संस्था होय. वाङ्मयीन संस्थेची कसोटी ती परंपरेचे संकलन करते की नाही एवढीच नसते. संकलित परंपरेकडे ती कोणत्या दृष्टीने पाहते, हीदेखील असते. या कसोटीवर सभेच्या कार्याचा विचार करणे मराठी अभ्यासकांनाही उद्बोधक ठरते.

सभेची पार्श्वभूमी

अलेक्झांडर किन्लॉक फार्बस हे 1843 मध्ये मुंबई इलाख्यात आले. त्यांच्या नोकरीचा प्रारंभ अहमदनगर येथे सहाय्यक कलेक्टर म्हणून झाला. 1846 मध्ये अहमदाबादेस बदली झाल्यावर त्यांना गुजरातच्या इतिहासाविषयी आस्था निर्माण झाली. 1848 मध्ये कवी दलपतराम यांचे साहाय्य त्यांना लाभले आणि त्याच वर्षी अहमदाबादेत गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटी स्थापन झाली. भाट-चारणांची कवने, जैन प्रबंध, हस्तलिखिते आणि स्थानिक आख्यायिका यांच्या आधारे लिहिलेला ‘रासमाळा’ हा त्यांचा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ 1856 मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश असताना, 1865 मध्ये, मनसुखराम सूर्यराम त्रिपाठी यांच्या पुढाकाराने गुजराती सभा स्थापन झाली व फार्बस तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी 31 ऑगस्टला पुणे येथे त्यांचे निधन झाले आणि सभेला त्यांचे नाव देण्यात आले. दलपतरामांनी त्यांच्या निधनावर ‘फार्बसविरह’ हे विलापकाव्य रचले. रणछोडभाई उदयराम दवे यांनी ‘रासमाळे’चे गुजराती भाषांतर केले. हस्तलिखितांचा संग्रह, जुन्या ग्रंथांचे प्रकाशन आणि 1936 पासून त्रैमासिक असा सभेच्या कार्याचा विस्तार होत गेला.

संकलनाचे फलित

सभा-संमेलनांतील भाषणे विरून जातात. संग्रह मात्र नव्या निर्मितीचे बीज ठरतो. नंदशंकर मेहता यांच्या ‘करण घेलो’ (1866) या पहिल्या गुजराती कादंबरीस ‘रासमाळे’तील सामग्रीचा आधार लाभला, हे याचे ठळक उदाहरण होय. मात्र याच ठिकाणी एक प्रश्नही उपस्थित होतो. भाटांच्या कवनात आणि प्रबंधात इतिहास व आख्यायिका एकमेकांत मिसळलेल्या असतात. असे मिश्रण एकदा ग्रंथात स्थिरावले, त्यातून कादंबरीत गेले आणि वाचकांच्या मनावर ठसले, की त्यातील तथ्य आणि कल्पित वेगळे करणे दुष्कर होते.

मराठीतील प्रतिसाद

मराठीत नेमके उलट घडले. ग्रँट डफ यांनी 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. 1867-68 च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण अभ्यासकाने त्याच्यावर परखड टीका केली. म्हणजे गुजरातीत ज्या दशकात एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने संस्था उभी राहिली, त्याच दशकात मराठीत दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याच्या ग्रंथाची झाडाझडती झाली. एकीकडे कृतज्ञता, दुसरीकडे संशय. संशयाच्या या मार्गाने मराठी इतिहाससंशोधन राजवाड्यांच्या कागदपत्रांच्या खंडांपर्यंत आणि 1910 मधील भारत इतिहास संशोधक मंडळापर्यंत पोहोचले.

तथापि या मार्गालाही किंमत मोजावी लागली. दप्तरातील कागद प्रमाण मानण्याच्या ओघात मौखिक परंपरा दुय्यम ठरली. अ‍ॅकवर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. फार्बस-दलपतराम या जोडीची आठवण करून देणारा हा प्रयत्न होता. परंतु त्यातून फार्बस सभेसारखी कायमस्वरूपी संस्था उभी राहिली नाही.

मूल्यमापन

कृतज्ञतेतून जन्मलेल्या संस्थेला आपल्या आद्यग्रंथाची चिकित्सा करणे जड जाण्याचा धोका असतो. संशयातून जन्मलेल्या संशोधनाला लोकस्मृतीविषयी अनास्था वाटण्याचा धोका असतो. फार्बस सभेचे मोल तिच्या संग्राहक वृत्तीत आहे आणि तिची मर्यादाही त्याच वृत्तीला चिकटून येते. दोन्ही भाषांच्या संस्था एकाच शहरात असूनही या दोन दृष्टींची परस्परांशी गाठ पडली असती, तर दोहोंचाही लाभ झाला असता.

हा प्रश्न केवळ गतकाळाचा नाही. फार्बस यांची नोकरी जेथे सुरू झाली, त्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरचे उदाहरण घेता येईल. पानसनाल्याच्या पुरात वाहून आलेली शिळा, तिला काठी लागताच निघालेले रक्त, स्वप्नातील दृष्टान्त, ती उचलण्यासाठी लागलेले मामा-भाचे आणि गावातील दारे नसलेली घरे ही कथा सर्वश्रुत आहे. भाविक ती श्रद्धेने सांगतात, इतर ती हसण्यावारी नेतात. तिची पाठांतरे टिपणे, सांगणाऱ्यांनुसार पडणारे फरक नोंदवणे आणि नात्यांचा व पाण्याचा तीत येणारा संदर्भ तपासणे हे तिसरे काम मराठी व इतिहास विभागांचे आहे.

समारोप

फार्बस सभेपासून मराठी महाविद्यालयांनी घ्यावयाचा धडा संकलनाचा आहे. कीर्तन्यांपासून घ्यावयाचा धडा चिकित्सेचा आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मराठी व गुजराती संस्थांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून शिकवला गेला, तर हे दोन्ही धडे विद्यार्थ्यांना एकत्र मिळतील आणि 1848 मध्ये एका छत्राखाली सुरू झालेला संवाद पुन्हा जोडला जाईल.