लारेसच्या वाटेवर सावड आहे, वेठ नाही

एखादा ट्रेक समीक्षेचा विषय होऊ शकतो का? माझ्या मते होऊ शकतो, फक्त तो पैसे भरून, वाटाड्यासोबत केलेला असावा. एकट्यादुकट्याने डोंगरात भटकणं हे आपलं आपलं भटकणं असतं. पण जिथे मुक्काम ठरलेले, कुणाच्या घरात वाकून शिरायचं ते ठरलेलं आणि कोणत्या वळणावर कोणती गोष्ट ऐकायची तेही ठरलेलं, ती वाट म्हणजे रचलेली संहिता असते. तिला निवेदक असतो, पात्रं असतात, आणि मुख्य म्हणजे गाळलेल्या जागा असतात. पेरूमधला लारेस ट्रेक ही अशीच एक संहिता. ती मी चालून वाचली आहे, आणि चालण्याच्या आधी-नंतर तिच्या आसपासची काही पुस्तकंही.

वाट तशी सोपी सांगता येते. कुस्को शहरातून पहाटे गाडीने निघायचं, काल्काच्या बाजारात थांबून पाव आणि कोकाची पानं घ्यायची, घाट चढून लारेसला उतरायचं. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. तिथून पायी वाकावासी, मग साडेचार हजार मीटरच्या आसपासची एक खिंड, पलीकडे पाताकांचाचं खोरं आणि शेवटी ओयांतायतांबो. तिथून माचू पिच्चूकडे जाणारी रेल्वे मिळते. सामान खेचरं आणि घोडी वाहतात. प्रसिद्ध इंका ट्रेलवर दिवसाला हमाल-वाटाड्यांसकट पाचशे माणसांनाच सोडतात, त्यामुळे परवाने महिनोन्‌महिने आधी संपतात. लारेसला तसलं बंधन नाही. पण जाहिराती ही सोय दुय्यम मानतात. त्यांचा मुद्दा असा की इंका ट्रेलवर तुम्हाला दगड दिसतील आणि लारेसला माणसं. 'पारंपरिक' माणसं.

हे विशेषण मला त्या वाटेवर सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलं. पारंपरिक गाव, पारंपरिक वेश, पारंपरिक चूल, पारंपरिक रंग. त्याच्या जोडीला एक वाक्य येतं, की इथे काळ थांबला आहे. माहितीपत्रकात ते असतं, वाटाड्याच्या तोंडी असतं आणि परतल्यावर लोक लिहितात त्या वर्णनांतही असतं. निवेदनशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर हा ट्रेक स्वतः वर्तमानकाळात चालतो आणि ज्या माणसांमधून चालतो त्यांना रीती भूतकाळात ठेवतो. आपण तिथे जातो, दमतो, धापा टाकतो. ते मात्र नुसते 'करत आले आहेत'.

आता त्या वेशाचंच बघा. वाकावासीच्या बायकांचे घेरदार घागरे, बटणं लावलेली जाकिटं, बशीसारख्या टोप्या हे बघून आमच्या गटातल्या कुणीतरी 'थेट इंका काळात आल्यासारखं वाटतं' असं म्हटलं आणि वाटाड्या हसून मान डोलावता झाला. खरं तर घागरा, जाकीट आणि टोपी या तिन्ही गोष्टी स्पॅनिश वसाहतीतून आल्या. इंका वळणाची आहे ती लिक्ल्या, म्हणजे खांद्यांवर घेऊन छातीशी टाचलेली विणलेली शाल. बाकीच्या वेशामागे एक हुकूमही आहे. 1780 मध्ये होसे गाब्रिएल कोंदोरकांकी या कुराकाने, म्हणजे स्थानिक सरदाराने, दुसरा तुपाक आमारु हे नाव घेऊन कुस्कोच्या दक्षिणेला उठाव केला. 18 मे 1781 रोजी त्याला कुस्कोच्या मुख्य चौकात आणलं. हातपाय चार घोड्यांना बांधून चार दिशांना ओढले. घोड्यांकडून ते झालं नाही तेव्हा शिरच्छेद केला. त्या निवाड्यातच इंका वेशावर बंदी घालण्यात आली, इंकांची आठवण जागवणारी नाटकं आणि शंखवाद्यं बंद करण्यात आली. म्हणजे ज्या कपड्यांत आपल्याला थांबलेला काळ दिसतो, त्यांच्यात खरं तर एक पराभव नेसलेला आहे.

आणि तरी गोष्ट एवढ्यावर संपत नाही. लारेस भागात विणल्या जाणाऱ्या कापडांत एक आकृती आढळते: मधोमध हातपाय ताणलेला माणूस आणि भोवती घोडे. ती तुपाक आमारुच्या देहदंडाची आकृती मानली जाते. ज्या घटनेची आठवण राहू नये म्हणून एवढा बंदोबस्त केला, ती बायकांनी कमरेला बांधायच्या मागावर, धाग्याच्या गणिताने, दोनशेहून जास्त वर्षं चालू ठेवली. मला ही बातमी ट्रेकवर मिळाली नाही, नंतर वाचनात सापडली. ट्रेकवर 'हा डोंगर, हा तलाव, हा लामा' अशी ओळख करून दिली गेली आणि घोडे आले तिथे 'घोडा' एवढंच सांगितलं गेलं.

रंगाच्या प्रात्यक्षिकाचंही असंच. लारेसच काय, कुस्कोच्या परिसरातल्या कुठल्याही विणकर गावात ते होतं. निवडुंगावरचा कोशिनील किडा तळहातावर चिरडायचा, लालभडक रंग काढायचा, लिंबू पिळून तो नारिंगी करून दाखवायचा, मग तोच ओठांना लावून 'ही आमची लिपस्टिक' म्हणायचं. हशा ठरलेला. हे बघताना वाटतं की आजीने आईला, आईने मुलीला असं अखंड चालत आलं असेल. प्रत्यक्षात विसाव्या शतकात कृत्रिम रंगांनी आणि कारखान्यातल्या लोकरीने हे ज्ञान बऱ्याच ठिकाणी हटवलं होतं. चिंचेरो गावच्या विणकर निल्दा कायान्याउपा यांनी इतर विणकरांना जोडून 1996 मध्ये कुस्कोत पारंपरिक वस्त्रकलेचं केंद्र काढलं. म्हाताऱ्या बायकांकडून कृती गोळा करून, प्रयोग करून, चुकत-माकत हे रंग परत आणण्यात त्या केंद्राचा मोठा वाटा आहे. ही गोष्ट 'अखंड परंपरे'पेक्षा कितीतरी रोमहर्षक आहे, कारण तिच्यात निर्णय आहेत, संघटना आहे, बाजाराचा हिशेब आहे. पण ती सांगितली तर समोर बसलेली बाई आपल्याच काळातली, आपल्याइतकीच धूर्त आणि कष्टाळू होते, आणि मग ब्रोशरचं विशेषण डळमळतं.

माझी खरी तक्रार मात्र एका शब्दाच्या जोडीबद्दल आहे. दुसऱ्या दिवशी खिंडीखाली विसावलो असताना वाटाड्याने 'आयनी' समजावून सांगितली. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या. मराठी वाचकाला याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही. आपल्याकडे त्याला सावड म्हणतात. त्याने ते फार सुंदर सांगितलं, तीन कोकापानं बोटांत धरून, डोंगराकडे फुंकर घालून. पण श्रमाची देवाणघेवाण हा विषय निघाला आणि त्याच खोऱ्यात श्रमाची नुसती घेवाण किती काळ चालली, हे आलंच नाही. सावड आली, वेठ आली नाही.

लारेस हे नाव पेरूच्या इतिहासात गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जात नाही. ते ला कोन्वेन्सिओन या शेजारच्या नावाला जोडून घेतलं जातं. वाट डोंगरमाथ्यांवरून जाते. ही खोरी खाली उबदार प्रदेशात उतरत जातात, तिथे कॉफीचे मळे आहेत. तिथल्या जमीनदाऱ्यांत कूळ जमिनीच्या तुकड्याचं भाडं ठरावीक दिवस मालकाकडे राबून फेडायचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर चाललेला हा प्रकार एरिक हॉब्सबॉम यांना इतका विलक्षण वाटला की त्यांनी 1969 मध्ये त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि शीर्षकातच त्याला नवसरंजामशाही म्हटलं. त्याआधी, पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून, कुळांनी संघटना बांधल्या होत्या. कुस्कोत जन्मलेला, क्वेचुआ बोलणारा ऊगो ब्लांको त्यांच्यात जाऊन राहिला. कुळांनी मालकाकडे राबायला जाणं बंद केलं. संप इतका पसरला की लष्करी सरकारला 1963 मध्ये ला कोन्वेन्सिओन आणि लारेस या खोऱ्यांपुरता जमीनसुधारणेचा खास हुकूम काढावा लागला. त्याच वर्षी ब्लांको पकडला गेला. देशभर मूलगामी जमीनसुधारणेचा कायदा यायला 1969 उजाडलं. आपण ज्या बटाट्याच्या शेतांमधून चालतो, ती शेतं कुणाची, याला अशी पार्श्वभूमी आहे. आयनी टिकली ती या सगळ्याच्या आत, कधी त्याच्या विरोधात.

इथे कुणी म्हणेल, माणूस रजा काढून, पैसे खर्चून, धाप लागत चालतोय आणि तुम्ही त्याला कूळकायदा ऐकवणार? मान्य आहे. चार हजार मीटरवर मेंदूला प्राणवायू कमी पडतो, जमीनदारीचा इतिहास पचत नाही. पण त्याच उंचीवर इंकांची वंशावळ मात्र पचते, नावांसकट. निवड होते आहे, आणि ती नेहमी एकाच बाजूने होते, एवढंच माझं म्हणणं.

ही निवड वाटाड्याने एकट्याने केलेली नाही. तिचं घराणं जुनं आहे. 24 जुलै 1911 रोजी हायरम बिंगहॅम माचू पिच्चूला पोचला तो मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याच्या मागोमाग, दुभाषा म्हणून लष्कराचा एक सार्जंट सोबत घेऊन. वर दोन-तीन कुटुंबं शेती करत होती; त्यांनी पाणी दिलं, उकडलेली रताळी दिली आणि त्यांच्यातल्या एका लहान मुलाने अवशेष फिरवून दाखवले. हाही मार्गदर्शकासह केलेला ट्रेकच. 1948 मध्ये त्यावर बिंगहॅमचं जे पुस्तक आलं त्याच्या नावातच शहर 'हरवलेलं' झालं. वर राहणारी माणसं करवसुली आणि लष्करभरतीपासून लांब राहता येतं म्हणून तिथे खूश होती, हे बिंगहॅमने स्वतःच नोंदवलं आहे. एवढं हाताला लागूनही तो पुढे सरकतो, आणि वाचकालाही पुढे सरकायची सवय लावतो. आजचा लारेस ट्रेक या पुस्तकापेक्षा सभ्य आहे, सामान वाहणाऱ्यांबद्दल संवेदनशील आहे. इंका ट्रेलवरच्या हमालाच्या पाठीवर वीस किलोंपेक्षा जास्त ओझं नको, असा कायदा 2001 मध्ये झाला, हे वाटाड्याने आम्हाला अभिमानाने सांगितलं. पण कथनाची रीत बिंगहॅमचीच आहे: वाट दाखवणारा माणूस दिसतो, त्याची गोष्ट पुढच्या अवशेषापाशी संपते.

हमालाने स्वतः गोष्ट सांगितली तर ती कशी असेल, याचं उत्तर कुस्कोतच सापडतं. ग्रेगोरिओ कोंदोरी मामानी हा आकोपिया गावातून कुस्कोत आलेला, दोरीने पाठीवर ओझं बांधून वाहणारा हमाल. रिकार्दो वाल्देर्रामा आणि कार्मेन एस्कालांते या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याचं आणि त्याची बायको असुंता किस्पे वामान हिचं कथन क्वेचुआत ध्वनिमुद्रित केलं. 1977 मध्ये ते क्वेचुआ आणि स्पॅनिशमध्ये समोरासमोर छापलं गेलं. मी ते इंग्रजीतून वाचलं. अनाथ बालपण, लष्करातले दिवस, बाजारातली हमाली, मध्येच इंकांविषयीच्या दंतकथा, असा तो माणूस बोलत जातो. गंमत म्हणजे ट्रेकवाल्यांना जे जे हवं ते सगळं त्याच्याकडे आहे: डोंगर, कोका, पृथ्वीमाता, अपशकुन. फरक एवढाच की हे सगळं त्याच्या भुकेच्या शेजारी बसलेलं आहे, वेगळं काढून मांडलेलं नाही.

पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, आपल्याकडे दया पवारांचं 'बलुतं' आलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मराठी वाचकाने ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून पाहावीत. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. सांगणारा आणि लिहून घेणारा एकाच देहात राहतात, आणि त्या दोघांमधला ताण हेच पुस्तकाचं बळ आहे. ग्रेगोरिओच्या बाबतीत ही दोन खरोखरची वेगळी माणसं आहेत. विचारलेले प्रश्न पानावर नाहीत, त्यामुळे सलग वाहणाऱ्या त्या स्वगताला कुणीतरी बांध घातले आहेत हे विसरायला होतं. हे पुस्तकाचं न्यून मी मानते. तरी क्वेचुआ मजकूर शेजारच्या पानावर असल्यामुळे ज्याला ती भाषा येते तो ताळा करून पाहू शकतो. ट्रेकवर तशी सोय नव्हती. वाकावासीची बाई मागावरून मान न काढता मिनिटभर काहीतरी बोलली, सोबतच्या दोघी खळखळून हसल्या, आणि आमच्यापर्यंत आलेलं भाषांतर होतं: 'त्या म्हणतात, तुमचं स्वागत आहे.'

त्या मिनिटाबद्दल मी अजून विचार करते. वाटाड्याने चुकवलं असेल किंवा वाचवलं असेल. आमच्या अवताराबद्दलचा तो शेलका शेरा असण्याची शक्यताच अधिक. पण त्यात एक गोष्ट स्पष्ट होती. त्या बायका दाखवण्याचं काम करत होत्या, आणि काम करणारी माणसं मालकाविषयी आणि गिऱ्हाइकाविषयी जसं बोलतात तसं आपसांत बोलत होत्या. 'काळ थांबलेल्या' गावात हे होत नाही. कापडांना चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्यांवर विणणारीचं नाव आणि किंमत. घासाघीस केली तर समोरून आकडा न हलवता नुसतं बघितलं जाई.

असुंताचं कथन पुस्तकात दुसरं येतं आणि आकाराने लहान आहे. नवऱ्याला सुचतात तशा दंतकथा तिला सुचत नाहीत. ती परक्या घरांतली धुणीभांडी, मार, बाळंतपणं आणि रांधणं यांबद्दल बोलते. आमच्या ट्रेकवर तिन्ही दिवस पहाटे चारला उठून स्वयंपाक करणारी मंडळी होती. शेवटच्या रात्री त्यांना ओळीत उभं करून, टाळ्या वाजवून, आमच्याकडून बक्षिसीचं पाकीट दिलं गेलं. प्रत्येकाने आपलं नाव, गाव आणि मुलं किती ते सांगितलं. तीन दिवसांत त्यांना बोलायला मिळालेली तेवढीच वेळ, आणि वाटाडा घड्याळाकडे बघत होता, कारण सकाळी लवकर निघायचं होतं.