खाडीचं पाणी आणि ४७४ जे

देवघरातला झिरो मंदावला म्हणून रविवारी खोलून बसलो. आमच्या घरी त्याला अजून झिरोच म्हणतात. जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो आणि खायला बारा-पंधरा वॅट असा होता. हा मात्र खरोखरच अर्ध्या वॅटचा. आत पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी पाटी, तिच्यावर सहा पांढरे एलईडी एकापाठोपाठ ओवलेले. सहाही मिळून त्यांना अठरा व्होल्ट पुरतात. भिंतीतून येतात दोनशे तीस. मधे ट्रान्सफॉर्मर नाही. तांब्याचं वेटोळं नाही, लोखंडी पत्र्यांची चळत नाही, ती ओळखीची घूं घूं नाही. मग उरलेलं व्होल्टेज गेलं कुठे, हा प्रश्न मला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा जास्त पकडून ठेवतो.

साधा उपाय रेझिस्टरचा. तो आपण सगळ्यांनी हाताने पाहिलेला आहे: पंख्याचा जुना, काळा, डब्याएवढा रेग्युलेटर. पंखा एकवर ठेवला की त्यावर हात शेकावा इतका तो तापायचा. पंख्याला नाकारलेली वीज तिथे जळत असायची. या दिव्यात तसा रेझिस्टर घातला असता तर अर्धा वॅट उजेडासाठी सहा-सात वॅट उष्णता झाली असती आणि प्लास्टिकचं हे डबडं आठवड्यात वितळलं असतं. हल्लीचा खटखट फिरणारा रेग्युलेटर गार असतो, कारण त्याच्या पोटात कंडेन्सर आहेत. आमचा झिरो त्याच घराण्यातला.

पाटीवरचा सगळ्यात ठळक भाग तोच: तपकिरी, चपटा, चिंचोक्यासारखा कंडेन्सर. अंगावर ४७४ जे, खाली ४०० व्ही. सत्तेचाळीसवर चार शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरड. ‘जे’ म्हणजे मापात पाच टक्के इकडेतिकडे. दुकानात याला कोणी धारित्र म्हणत नाही, पण शाळेच्या पुस्तकातला तो शब्द मला आवडतो. धरून ठेवतो तो. आणि खरी गंमत अशी की हा धरून ठेवत नाही, परत देतो.

ते कसं, हे समजायला आमच्या सारसोळ्यात पामबीच मार्ग ओलांडून जेट्टीवर जावं. भरती पूर्ण चढली की पाणी थांबतं. तिवरांची खोडं बुडालेली, होड्या वर आलेल्या, पातळी सगळ्यात उंच, आणि ओढ मात्र नाही. ओढ सगळ्यात जास्त असते ती अर्ध्या भरतीला किंवा अर्ध्या सुकतीला, म्हणजे पातळी मधोमध असताना. पातळीला व्होल्टेज म्हणा, ओढीला करंट. कंडेन्सरात नेमकं हेच घडतं: व्होल्टेज शिखरावर पोचतं त्या क्षणी करंट शून्य, आणि करंट ऐन जोरात असतो तेव्हा व्होल्टेज शून्यावर. दोघं एकाच तालात, पण समेवर एकत्र कधीच येत नाहीत. करंट पाव आवर्तन पुढे. खाडीला एक फेरा घ्यायला जवळजवळ साडेबारा तास लागतात. आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेला वीस मिलिसेकंद. त्यातले पाच कंडेन्सर घेतो, पुढचे पाच तेच लाइनला परत देतो, पुन्हा घेतो, पुन्हा देतो. म्हणून तो गार. अडवतो, पण जाळत नाही.

आणि किती पाणी आत-बाहेर करणार, हे खाडीच्या आकारावर. ०.४७ची खाडी २३० व्होल्टला तीस-चौतीस मिलिअँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. हाच दिवा कोणी न्यू जर्सीला नेला तर तिथल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर वीस-एकवीस मिळतील. लागेल, पण आजारी दिसेल.

पुढचे चार डायोड, १एन४००७, आपलं नेहमीचं काम करतात. त्यांच्यावर थांबत नाही. सुरुवातीचा शंभर ओहमचा रेझिस्टर, तोही शहाणा: बटण नेमकं शिखरावर दाबलं गेलं तर ३२५ व्होल्टचा पहिला लोंढा तोच तीन-सव्वातीन अँपिअरवर रोखतो. माझा जीव जडलाय तो कंडेन्सरच्या पाठीला चिकटलेल्या एक मेगाओहमवर. दिवा चालू असताना त्याचा काहीच उपयोग नाही. प्लग उपसल्यावर कंडेन्सरात अडकलेलं पाणी तो एक-दोन सेकंदांत उतरवतो, म्हणजे पिनांना बोट लागलं तर झटका नाही. कवितेत असा एखादा शब्द असतो, काढला तर अर्थ बदलत नाही, माणूस दुखावतो. मी खोललेल्या कितीतरी स्वस्त मालात नेमका हाच गाळलेला आढळला आहे.

दोष सांगायलाच हवा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो आणि शिवाय आपल्याला लाइनपासून सोडवतो. इथे ती सोडवणूक नाही. अठरा व्होल्टच्या एलईडीच्या पायाला टेस्टर लावला, तर लाल ठिपका लागला. आतला प्रत्येक बिंदू भिंतीशी बांधलेला. म्हणून ही रचना बंद डब्यातच शोभते. जिथे माणसाचा हात पोचतो अशा चार्जरात ती मला गुन्हा वाटते. दुसरं, ती व्होल्टेज देत नाही, करंट देते. एक एलईडी तुटला की घेणारं कोणी उरत नाही, व्होल्टेज चढत जातं आणि शेवटचा छोटा इलेक्ट्रोलिटिक फुगून फट्‌ करतो. चांगला कारागीर तिथे झेनर बसवतो.

आमचा दिवा का मंदावला? एलईडी शाबूत. तपकिरी चिंचोका सुटा करून मीटरला लावला: ०.१९. खाडी गाळाने भरली होती. आतल्या प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. कुठे भोक पडलं की त्याभोवतीचा धातू उडून जातो आणि जखम आपोआप बुजते. प्रत्येक वेळी क्षेत्रफळ थोडं घटतं. दमट हवा तो थर वेगळा खाते, आणि आमच्याकडे दमट हवेला तोटा नाही. मरण असं, की आवाज नाही, वास नाही, फक्त देव हळूहळू अंधारात जातात.

लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, विचारताना सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. या वेळी लाइनवर कायम बसण्यासाठीच बनवलेला, एक्स-२ शिक्क्याचा, २७५ व्होल्ट एसीचा घेतला. पिवळा, चौकोनी, देखणा. डाग दिला, लावून पाहिलं, सहाही एलईडी लखलखले. मग लक्षात आलं, तो जुन्यापेक्षा दुप्पट जाड आहे आणि झाकण बसत नाही. हे सर्किट उघडं ठेवायचं नसतं. मोठं डबडं मिळेपर्यंत देवघरात समई लागते आहे. आईची तक्रार नाही.