निन्तेन्दो आणि गंजिफा : एका तुलनेविषयी

निन्तेन्दो या जपानी कंपनीच्या नावाचा अर्थ 'नशीब दैवावर सोपवावे' असा पुष्कळदा दिला जातो. भाषाभ्यासकाने येथे थोडे थबकावे. नावात तीन चिन्हे आहेत : सोपविणे, आकाश आणि दालन. 'नशीब' त्यांत कोठेच नाही. एका रूढ जपानी वाक्प्रचाराच्या आठवणीने ते मागाहून भरले गेले आहे.

अशीच भर 'पत्ते सोडून यंत्रांकडे वळलेली कंपनी' या वर्णनात आहे. तिच्या शेजारी सावंतवाडीचा गंजिफा ठेवून तो 'काळाबरोबर न बदललेला' ठरविणे मला सदोष वाटते.

फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ साली क्योतो येथे हानाफुदाची पाने करण्यास आरंभ केला. बारा महिन्यांची प्रत्येकी चार, अशी ही ४८ पाने. (जपानीत पत्त्यांना 'कारुता' म्हणतात, हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला.) पुढे १९५३ साली प्लास्टिकचे पत्ते निघाले, १९६३ साली कंपनीच्या नावातून पत्त्यांचा वाचक शब्द गळाला, १९६६ साली 'अल्ट्रा हॅंड' हे खेळणे आणि १९८३ साली 'फॅमिकॉम' हे यंत्र आले. तथापि हानाफुदा ही कंपनी आजही काढते. माल बदलला; घेणारा मात्र खेळणाराच राहिला.

सावंतवाडीत नेमके उलट घडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी यांच्या हातची विद्या राजवाड्यात नव्याने रुजविली. हे कार्य थोरच. पान तसेच राहिले, घेणारा बदलला. आता ते बहुधा शोभेसाठी, भेटीसाठी घेतले जाते. डोंबिवलीच्या एखाद्या बैठकीत मत्स्यावतार चौकटीत टांगलेला दिसावा, इतपत.

आणि खेळ तर सोपा नव्हे. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकी १२ वाटोळी पाने, एकूण १२०. राजा व प्रधान यांच्यामागून पाच रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने डाव सुरू करावयाचा. रात्री हा मान कृष्णाकडे जातो. यांपैकी काहीही पानावर लिहिलेले नसते. क्रम, मान, उतरण्याची रीत व त्यांच्या संज्ञा खेळणाऱ्यांच्या तोंडीच असतात, आणि चौकटीसाठी पान घेणाऱ्याकडे त्या पानाबरोबर जात नाहीत.