फाटक कुठे गेलं?

अमेरिकेतल्या वसंतातल्या टर्की-शिकारीचे व्हिडिओ मी बरेच पाहिलेत. बहुतेकांचा साचा एकच. पहाटेचा अंधार. शिकारी घुबडासारखा आवाज काढतो आणि झाडावर रात्र काढलेला नर चवताळून गडगडाटी उत्तर देतो. मग शिकारी बुंध्याला पाठ टेकून बसतो आणि लाकडी डबी घासून मादीची साद काढतो. एरवी नराचा आवाज ऐकून मादी त्याच्याकडे जाते. इथे नराला यायला लावायचं असतं. वाळक्या पानांत पावलं वाजू लागतात आणि पंधरा मिनिटं माझा अंगठा स्क्रीनवरून हलत नाही. हे संकलनाचं यश आहे, ते मान्य करायला हवं.

माझी तक्रार जे कापलं जातं त्याबद्दल आहे. टेक्सासमधली ९० टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. तिथे शिकारीसाठी अनेक जण जमीनमालकाला पैसे मोजून करार करतात. आपल्याकडे शेत खंडानं घेतात ते पिकासाठी; तिथे खंडानं घेतात ती आत शिरायची मुभा. रानातला पक्षी मालकाचा नसतोच. वन्यप्राणी जनतेचे आणि राज्य त्यांचं विश्वस्त, असं तिथला कायदा मानतो. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा सगळ्यांचा, सर्व्हर एकाचा.

हा पक्षी परत आला तोही सार्वजनिक खर्चानं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बहुतेक राज्यांतून संपत आला होता. १९३७च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९५१मध्ये साउथ कॅरोलिनात तोफेनं जाळं उडवून टर्की पकडण्याची युक्ती साधली, आणि असे पकडलेले पक्षी रिकाम्या रानांत नेऊन सोडले गेले.

व्हिडिओचा शेवट मात्र ठरलेला : धीर धरला, म्हणून मिळाला. पण सार्वजनिक जंगलात एकाच नराला अनेक जण साद घालतात. तो बिचकतो, गप्प होतो. खंडाच्या रानात ही गर्दी नसते. तिथली शांतता विकत घेतलेली असते आणि पडद्यावर ती निव्वळ कौशल्य म्हणून दिसते.

करार वाईटच असतो, असं नाही. भाडं मिळालं तर मालकाला रान राखायला कारण मिळतं. ऑल्डो लिओपोल्ड यांच्या समितीनं १९३०मध्येच जमीनमालकाला मोबदला द्यावा असं सुचवलं होतं. मग ते लपवायचं कशाला?

मला असा व्हिडिओ बघायचाय, ज्यात फाटकाचं कुलूप उघडताना दिसेल, भाड्याचा आकडा कळेल आणि तो न परवडल्यामुळे यंदा बाहेर राहिलेला एखादा जुना शिकारीही भेटेल. नराचा आवाज तरीही तितकाच अंगावर येईल. फक्त तो कुणाला ऐकायला मिळतो आणि कुणाला नाही, हेही त्यासोबत कळेल.